गे. मा. २२

अहवाल दीड पानाचा होता आणि त्यातलं एकच वाक्य थोरलीला पाठ झालं होतं. 'गळती एक वाजून पन्नास मिनिटांनी सुरू झाली, त्या वेळी ऑपरेटर जागेवर नव्हता.'

ऑपरेटर म्हणजे तिचे बाबा. सत्तावीस वर्षं त्यांनी कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसर रूममध्ये काढली. अमोनियाच्या नुसत्या वासावरून कुठला सांधा सैल झालाय ते सांगायचे. त्या दुपारी मागच्या गेटबाहेर दहा पावलांवर ते कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. त्याला आता महिना झाला होता.

"पोचपावतीपुरती सही आहे, करून टाक," शेजारच्या खुर्चीतून काका पुटपुटला. "दादा काही परत येणार नाही."

"दादा येणार नाही काका, पण हे वाक्य कायमचं राहणार आहे."

टेबलापलीकडच्या साहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, दुःख आम्हालाही आहे. पण मशीन खोटं बोलत नाही. मागच्या गेटवर त्यांचा अंगठा लागलाय एक त्रेचाळीसला. गळतीची घंटा इथे ऑफिसात वाजली एक पन्नासला. म्हणजे सात मिनिटं आधीच ते बाहेर पडले होते."

"मग व्हॉल्व कोणी बंद केला?"

"बंद आढळला."

"आढळला!" थोरलीचा आवाज चढला नाही, पण काकाने तिच्याकडे पाहिलं. "त्याचं चाक दोन्ही हातांनी आठ वेळा फिरवावं लागतं. आपलं आपणच फिरलं का?"

साहेबांनी पेपरवेट उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"मला त्यांची लॉगबुक बघायची आहे," ती म्हणाली.

लॉगबुक आली. दर तासाला एक ओळ, दाब आणि तापमान, बाबांच्या किरट्या, सरळ अक्षरात. शेवटची ओळ दुपारी एकची. दोनची ओळ कोरी. थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिची नजर आधी समासाकडे गेली. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गे. मा. २२'.

"हे काय?"

"गेज मार्क. आमच्या तांत्रिक माणसाने बघितलंय. गेजची काहीतरी खूण असणार."

तिने पानं मागे उलटली. त्या दिवसाच्या महिनाभर आधी गे. मा. २१. त्याच्या आधी २०. आकडा महिन्याला एकाने उतरत होता. वहीच्या आरंभी, दोनेक वर्षांपूर्वीच्या तारखेला, गे. मा. १.

आणि एकदम तिला स्वयंपाकघरातल्या घड्याळाची पाठ आठवली. तिथे चिठ्ठी होती, 'स्व. पु. ५'. स्वयंपाकघर पुढे पाच. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळामागे 'बा. मा. ३'. आई म्हणायची, "अहो, चिठ्ठी लिहायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात काटा फिरवून होतो." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "नुसता काटा फिरवला की चूक किती होती ते कळत नाही. आधी चूक लिहायची, मग काटा." मग ते काटा फिरवायचं विसरायचे आणि घरभर हसू व्हायचं.

"गेज नाही," ती म्हणाली. "गेट. गेट मागे बावीस. तुमच्या गेटचं घड्याळ बावीस मिनिटं मागे होतं, साहेब. माझ्या बाबांनी ते दोन वर्षं तुमच्याच वहीत लिहून ठेवलंय."

मागच्या गेटवर अंगठ्याचं मशीन आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर एका लाकडी खोक्यात होता, वरती धूळ. पडद्यावर अकरा सात. थोरलीने मोबाइल शेजारी धरला. अकरा तीस. तेवीस मिनिटं, मधल्या महिन्यात आणखी एक वाढलं होतं.

साहेबांनी आपलं मनगट पाहिलं आणि हात खिशात घातला.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावून आणलं. दोन वर्षांपूर्वी हे सगळं त्यानेच बसवलं होतं. माणूस भला होता, त्यामुळे थोरलीला त्याचा जास्तच राग आला.

"नेटवरून वेळ आपोआप लावून घ्यायची सोय असते, ताई. पण या सिस्टिममध्ये ती मुळात बंदच येते. आपण टिक करायची असते."

"मग का नाही केली?"

"कोणी सांगितलं नाही."

"इथे नेट नव्हतं?"

"होतं की. हजेरी याच वायरने ऑफिसात जाते."

"म्हणजे ज्या वायरने रोज चुकीची वेळ ऑफिसात गेली, त्याच वायरने बरोबर वेळ इथे येऊ शकत होती?"

तो ओशाळला. "बनवणारे मुद्दाम बंद ठेवतात, ताई. मालकाला न विचारता मशीनने बाहेर कोणाशी बोलू नये म्हणून. काही ठिकाणी नेट नसतं. शिवाय बाहेरून कोणी चुकीची वेळ घुसवली तर?"

"बाहेरून चुकीची येईल म्हणून घरातली चुकीची सांभाळायची?" आता मात्र तिचा आवाज चढला. "न विचारता चालू करू नका, कबूल. मग विचारा तरी! पहिल्या दिवशी पडद्यावर एक ओळ टाका, बाबा रे, वेळ कुठून घेऊ? तेही नाही. विचारायचं नाही, लावून घ्यायची नाही, आणि हजेरी मात्र सेकंदासकट छापायची. सेकंद बघितला की माणसाला वाटतं, केवढं अचूक!"

"दोन वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नाही हो," साहेब म्हणाले.

"कसं येणार? येतानाही बावीस मागे, जातानाही बावीस मागे. आठ तास बरोबर भरत होते. आणि या गेटने येत-जात होता एकच माणूस."

बोलता बोलता ती थांबली. एक त्रेचाळीस अधिक बावीस. दोन पाच. घंटा वाजल्यावर पंधरा मिनिटं बाबा आत होते, त्या वासात, चाकाला लटकलेले. आणि नंतर, श्वास पुरत नसताना, या खोक्यापाशी उभं राहून त्यांनी अंगठा लावला होता. का, तर न लावता बाहेर पडायचं नसतं. तिला बाबांचाही इतका संताप आला की समोरचा कॉम्प्युटरचा पडदा दिसेना.

"आत्ता लावून टाकतो. एका टिकचं काम," म्हणत कॉम्प्युटरवाल्याने माउसकडे हात नेला.

"हात लावू नका!"

पलीकडे खोकी उतरवणारी माणसं वळून बघायला लागली.

"आधी चूक लिहायची," ती म्हणाली. "काका, फोटो काढ. पडदा आणि माझा मोबाइल, दोन्ही एकात येऊ देत. साहेब, ही लॉगबुक. आजची तारीख घाला आणि लिहा."

"मॅडम, वर विचारावं लागेल."

"विचारा. तोवर मी इथेच आहे."

काकाने फोटो काढला, मग एक स्टूल ओढून कॉम्प्युटरच्या पुढ्यात बसला आणि हाताची घडी घातली. "मीपण आहे," तो म्हणाला. "बघतो कोण टिक करतो ते. साहेब, तुमच्या मशीनप्रमाणे मी अजून आलेलोच नाही. मला हलवणार कसे?"

साहेबांनी फोन लावला, बाजूला जाऊन बोलले, परत आले आणि पेन्सिल घेतली.

"पेनने," थोरली म्हणाली. "आणि गे. मा. नको. अख्खं लिहा."

त्यांनी लिहिलं, 'मागच्या गेटचं घड्याळ तेवीस मिनिटं मागे आढळलं.' तिने 'आढळलं'वर बोट ठेवलं. "आहे." साहेबांनी शब्द खोडला, दुरुस्त केला, सही केली.

"अहवालही बदलून देऊ. आठवड्याभरात."

"आठवडा कुठल्या घड्याळाचा?" तिने पिशवीतून अहवाल काढला, खोक्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि कागद तिथेच पसरला. 'जागेवर नव्हता' यातल्या 'नव्हता'वर एकच आडवी रेघ, समासात 'होता'. रोज शंभर वेळा करायची तसंच. "इथे तुमची सही. मग माझी."

साहेबांनी केली. मग तिने केली.

"आता करा," ती कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली. काकाने स्टूल बाजूला घेतलं.

माउसचा एक आवाज झाला. अकरा एकतीसच्या जागी एकदम अकरा चोपन्न.

"इतकंच?" तिने विचारलं.

"इतकंच, ताई."

लॉगबुक पुन्हा तिच्या हातात होती. साहेबांनी ती परत घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.