सोबत कोण

बाबांच्या कामाच्या जॅकेटात, आतल्या खिशात, ग्रीसचे डाग पडलेलं एक कार्ड सापडलं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या समुपदेशन केंद्राचं. बारा भेटी, बारा ओळी. तारीख, वेळ आणि 'सोबत कोण'. अकरा ओळींत बाबांनी 'एकटा' लिहिलं होतं, हत्यारांच्या पेटीवर लिहायचे तशा ठळक अक्षरांत. बाराव्या ओळीत 'मुलगी'.

एकतीस वर्षं त्यांनी सैन्याचे ट्रक दुरुस्त केले आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना हृदय बंद पडून गेले. त्याआधी तीन वर्षं आमच्यात धड बोलणं नव्हतं. मीच एकदा म्हणाले होते, "तुम्ही घरी यायचात तेव्हा आम्हाला जीव मुठीत धरून बसावं लागायचं. तुम्ही नसलात की घर घरासारखं वाटायचं."

ते म्हणाले, "गाडीचं ऑइल बदललंस का?"

त्यानंतर त्यांचा निरोप यायचा तो फक्त गाडीसाठी.

मी केंद्रावर गेले. दारातल्या कारकुनाने कार्ड पाहिलं. "ताई, आधीच सांगतो. इथे औषध मिळत नाही, रजेचा दाखला मिळत नाही आणि इथलं बोलणं वरच्या साहेबांपर्यंत जात नाही. एवढं सोडून काय हवंय?"

"कार्डावर सही आहे त्या बाईंना भेटायचंय."

समुपदेशक बाई बाबांच्याच वयाच्या होत्या. खोलीत तीन खुर्च्या, पाण्याचा जग, भिंतीवर काहीच नाही.

"माझं ते बोलणं बाबांनी मनाला लावून घेतलं होतं का, एवढंच सांगा."

"ते इथे येत होते की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही."

"कार्डावर तुमची सही आहे!"

"मग कार्ड बोललं. मी नाही."

"माणूस गेलाय, बाई. आता कोणापासून लपवताय?"

"गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला, तर बाहेर बसलेल्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा?"

मला राग आला. "मुलगी लिहून ठेवायचं आणि मुलीला विचारायचंसुद्धा नाही! असेच होते ते."

बाईंनी पेल्यात पाणी ओतलं. "नक्की नाही विचारलं?"

मी बाराव्या ओळीतली तारीख पाहिली. मंगळवार, चार वाजता. फोन काढला, बाबांचे निरोप उघडले. ते जाण्याच्या आठ दिवस आधीचा मंगळवार. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, "उद्या चारला मोकळी आहेस का?"

त्याखाली माझं उत्तर होतं. "गाडी ठीक आहे. गरज नाही."

वीस मिनिटांनी त्यांनी लिहिलं होतं, "बरं."

बाईंनी पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "कुटुंबातल्यांना स्वतःच्या बारा भेटी मिळतात. घ्यायच्या की नाही, ते तुमच्यावर."

बाहेर कारकुनाने कोरं कार्ड पुढे केलं. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"ताई, एक रकाना राहिला," तो हळूच म्हणाला. "रिकामा चालत नाही."

मी पेन उचललं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'एकटी'.