विठाबाईच्या घराकडची साल

मित्रांनो, मी मुदखेडजवळच्या एका गावातला जुना कडुनिंब. माझं वय विचारू नका. ते खोडाच्या आत कड्याकड्यांनी मांडलेलं असतं आणि मोजायचं तर मला कापावं लागेल. ते काही मी होऊ देणार नाही.

लहानपणी मी बोटाएवढा, हिरवा आणि गुळगुळीत होतो. पण नुसतं उंच होऊन भागत नाही, जाडही व्हावं लागतं. माझ्या सालीखाली एक पातळ, ओला थर आहे. तो गप्प बसत नाही. आतल्या बाजूला लाकूड घडवतो आणि बाहेरच्या बाजूला कोवळी साल. त्या कोवळ्या सालीतूनच पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरतं. मुळंही अशीच जाड होतात. मी जाड होत गेलो तशी वरची कातडी अंगाला पुरेना, ती तडकली. मग खालून बुचासारखी नवी साल येत गेली. लोक मला खरखरीत म्हणतात. म्हणोत बापडे. ऊन आणि किडे तीच अडवते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरता सरता गावात हिवताप आला. तापावर माझ्या सालीचा काढा प्यायचा, हा गावाचा रिवाज. त्यात एक समजूत अशी, की साल आपल्या घराकडच्या बाजूचीच काढायची, तरच गुण येतो. मी पारावर आणि घरं चहूबाजूंनी. प्रत्येकानं आपल्यापुरतीच घेतली आणि बघता बघता बुंधा सगळीकडून उघडा पडला. राहिली फक्त विठाबाईच्या घराकडची वीतभर पट्टी. तिच्यावर माझी सगळी मुळं जेवत होती.

नेमका विठाबाईचा एकुलता एक मुलगा शेषेराव तापानं फणफणला. शेजारचा रामकिशन कोयता घेऊन आला, तिच्या भल्यासाठीच.

"काकी, तुमच्या बाजूची हाय अजून. काढून देतो."

विठाबाईनं माझ्याभोवती एक फेरी मारली. "रामकिशन, बांधावरची बाभूळ वाळवायची असली की तू काय करतोस?"

"चौफेर साल काढतो. दुसरं काय?" बोलता बोलता त्याची नजर माझ्या बुंध्यावर गेली आणि त्यानं कोयता खाली घेतला. "पण काकी, शेषेरावाचं काय?"

ती त्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली.

"पोरगा माझा हाय, झाड समद्यांचं हाय. फांदी तोड, तिची साल उकळते. अन् गाडी जुप, मुदखेडच्या दवाखान्यात नेऊ."

"फांदीच्या सालीला गुण न्हाई म्हणतात."

"म्हणू दे."

शेषेराव बरा झाला. माझ्या सालीनं की दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी मात्र त्या वीतभर सालीच्या जिवावर कामाला लागलो. जखमेच्या कडांवरून नवी साल थोडी थोडी पुढे सरकवत नेली. कित्येक पावसाळे गेले, मधली खाच अजून पुरती मिटलेली नाही. पण मी ती मिटवणारच.

मित्रांनो, झाडाची साल घ्यावीच लागली, तर फांदीची घ्या. आणि घेण्याआधी झाडाच्या पलीकडे जाऊन बघा. दुसऱ्यांनी काय नेलंय, ते आपल्या दारातून दिसत नसतं.