दोन फूट सिमेंटखालून

मी तलावपुऱ्याच्या तलावाचा सांडवा बोलतोय. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्याच्या अंगावरून नाल्यात उतरतं, तो लांबलचक दगड. सध्या माझ्या डोक्यावर दोन फूट सिमेंटची भिंत उभी आहे, तेव्हा आवाज दबका वाटला तर समजून घ्या. राग मात्र दबलेला नाही.

चिचगडच्या जंगलातून मला पाच बैलजोड्यांनी ओढत आणलं. गोंदिया शहर तेव्हा इथवर पोचलंही नव्हतं. तलाव बांधणारा म्हातारा कोहळी होता, पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणाऱ्या जातीतला. त्याने आधी वस्तीतलं सगळ्यात खालचं घर शोधलं. पाण्याने भरलेल्या थाळीवरून नजर लावून त्या घराच्या उंबऱ्याची पातळी घेतली आणि मला त्याहून एक वीत खाली बसवलं. त्यांच्या घराण्याची रीतच तशी होती. गावचा धनी असलेल्या मालगुजाराचं घर कुठे आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

इथे राहण्यात सुख आहे, ते मी कशाला नाकारू? मे महिन्यात सगळं शहर भाजून निघतं, तेव्हा इथे पाण्यावरून वारा येतो. सकाळी शिंगाड्याच्या वेलांतून डोंगे फिरतात. घाटावर कपडे आपटता आपटता बायका अख्ख्या पुऱ्याच्या बातम्या सांगतात. हे बघूनच लोक इथे घर घ्यायला आले. ते आले याचा मला राग नाही.

गेल्या वर्षी तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून पाच मजली इमारत झाली. सगळ्या गॅलऱ्या तलावाकडे. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी आटलं, चिखल उघडा पडला आणि गॅलरीतल्यांनी नाकं मुरडली. तलाव आटतो म्हणून त्याचा गाळ काढता येतो, एवढंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझ्या शेजारी उभं राहून त्यांची बैठक झाली. तिसऱ्या मजल्यावरची डिंपल म्हणाली, "भैया, पानी उतरते ही पूरा व्ह्यू खराब हो जाता है. तालाब भरा हुआ ही अच्छा लगता है." माझ्यावर भिंत घालून पाणी अडवायचं ठरलं. सोसायटीचा सेक्रेटरी वीरेंद्र मान डोलवत होता. हा वीरेंद्र कोण? मला बसवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा पणतू. मला हसावं की रडावं ते कळेना.

त्याचे वडील उमराव जुन्या घरातून काठी टेकत आले. "खालच्या कुंदाबाईच्या घरात पाणी घुसन ना रे. तुह्या पणज्यानं मोजून बसवला हाय हा दगड."

"बाबा, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता नाली झाली आहे, काही होत नाही."

दोन दिवसांत माझ्यावर भिंत चढली.

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही. माझ्यावरून जायचं पाणी मागे वळलं आणि त्या सगळ्यात खालच्या घरात शिरलं. तिथे कुंदाबाई एकटी राहते. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती याच घरात आली, शिंगाडे विकून तिने मुलगी मोठी केली. चूल बुडाली, तांदळाची कोठी भिजली. ओल्या लुगड्याने ती भिंतीजवळ आली.

"वीरेंद्र, तुमी वरून तलाव पाहून राहिले, अन् माह्यी चूल बुडून राहिली. मी कायले भोगू?"

"काकू, मीटिंगमध्ये विषय ठेवतो."

विषय ठेवला. पार्किंग आणि गणपतीच्या मंडपानंतर, तिसरा. त्यावर काय ठरलं म्हणता? पुढच्या मीटिंगमध्ये बोलू, असं ठरलं.

उमरावांनी मीटिंगची वाट पाहिली नाही. भर दुपारी सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आले आणि गॅलऱ्यांमधून सगळे बघत असताना भिंत फोडली. पाणी धडाडत माझ्यावरून गेलं. किती दिवसांनी अंगाला पाणी लागलं, मी काय सांगू. संध्याकाळपर्यंत कुंदाबाईचा उंबरा मोकळा झाला.

आठवड्याने भिंत पुन्हा बांधली, या वेळी लोखंडी सळ्या घालून. वीरेंद्र स्वतः उभा होता. बापाकडे त्याने बघितलं नाही. सप्टेंबरात पाणी परत घरात शिरलं आणि कुंदाबाईने दाराला कुलूप लावलं. आता ती मुर्री गावी, मुलगी राखीच्या खोलीत राहते.

परवा डिंपल पाहुण्यांना घेऊन पाळीवर आली होती. पाण्यात उभं असलेलं कुंदाबाईचं घर दाखवून म्हणाली, "कितना पुराना घर है ना, पानी में कितना सुंदर लगता है." सगळ्यांनी फोटो काढले.

त्या फोटोतलं कुलूप कुणाचं आहे, हे एकाने तरी विचारायचं होतं. मला पाय असते तर मी त्यांना तिथवर फरफटत नेलं असतं. तुम्ही इथे घर बघायला याल, तेव्हा गॅलरीत जाण्याआधी खाली या, गुडघाभर पाण्यातून त्या दारापर्यंत चाला. मग माझ्यावरची ही भिंत फोडायला या. सब्बल उमरावांच्या ओसरीवर आहे. या सळ्यांपुढे त्यांचे एकट्याचे हात आता पुरत नाहीत.