फॉन्सीच्या अंगठ्याला न सापडलेलं हाड

मी हाड बोलतोय. दचकू नका, तुम्हाला हाकलत नाही. शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्याच्या मागच्या उजव्या पायात असतो मी, सुपारीएवढा. शिकलेल्यांनी मला भलंमोठं लॅटिन नाव ठेवलंय. ते मला उच्चारता येत नाही, आणि खरं सांगू, त्यांनाही एका दमात येत नाही.

तुम्ही कुत्र्याचा मागचा पाय बघता आणि म्हणता, "अरे, याचा गुडघा उलटा!" गुडघा नव्हे हो तो, टाच आहे. कुत्रं जन्मभर चवड्यावर चालतं, टाच हवेत. त्या टाचेच्या सांध्यात, चार हाडांच्या दाटीत, मधोमध मी बसलोय. बसलोय म्हणायचं आपलं. बसवत नाही मला.

जन्मलो टिपरारी परगण्यातल्या एका गवताळ गावात, जार्लथ टॅरंटच्या मागच्या खोपटात. तेव्हा मी हाडही नव्हतो, नुसती मऊ कूर्चा. माझा कुत्रा डँडी सहा भावंडांत सगळ्यात वळवळ्या. तो वळवळायचा, मी घट्ट व्हायचो. जार्लथ पन्नाशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. त्याची थोरली बहीण डिंप्ना त्याच्याच घरात राहते आणि घर स्वतःचं असल्यासारखी वागते. तीस वर्षं जार्लथनं कुत्री पाळली, पण एकही फायनलला गेलं नाही. गावात कुणी हवापाण्याचं जरी विचारलं तरी त्याला वाटायचं, हा माझ्या कुत्र्यांबद्दलच बोलतोय.

माझी शेजारीण पोटरी. भारी नखरेल. तिला तेल, तिला मालिश, तिला "वा, काय पीळ आहे!" मला काय? काही नाही. पण पोटरीचं एक गुपित सांगतो. तिला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. कुठल्याच स्नायूला येत नाही. ती टाच ओढते, मी दाब सोसतो, पंजा जमीन मागं लोटतो, आणि कुत्रं पुढं जातं. मांडी जोर लावते, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. एका झेपेत दोनदा चारही पाय हवेत असतात, एकदा ताणून, एकदा गोळा होऊन. पाचशे पंचवीस यार्ड, तीस सेकंदांच्या आत. तुमचं एक शिंकणं आणि नाक पुसणं होईतो आम्ही फेरी मारून आलेलो असतो.

आता गंमत ऐका. शर्यतीत बनावट ससा पळतो तो कायम डावीकडे वळत. सगळी वळणं डावी. म्हणजे वळणावर बाहेरचा उजवा पाय भार घेणार, आणि त्या पायात मी. डँडी बत्तीस किलोचा. पण वळणावर माझ्यावर बसतं ते बत्तीस किलो नसतं, अख्खं गाढव असतं.

माझी तक्रार नाही. हाड म्हणजे दगड नव्हे. जिथं दाब पडेल तिथं आम्ही रोज नवा चुना चढवतो, बारीक चिरा बुजवतो. गवंड्याचं काम. पण गवंड्याला भिंत सुकवायला चार दिवस द्याल की नाही? डँडीनं लागोपाठ चार आठवड्यांत चार शर्यती काढल्या. चौथी सेमीफायनल. तिसऱ्या वळणावर माझ्या आत 'टक्' झालं. केसाएवढी चीर.

डँडी पहिला आला. लंगडला नाही. ही जात ससा दिसला की स्वतःचं नावही विसरते, दुखणं कुठलं आठवणार?

पण दुसऱ्या दिवशी पोटरी आवळून बसली. नखरेल असली तरी शेजारधर्म जाणते. मी चिरलोय हे कळलं तशी तिनं सांधा घट्ट धरून ठेवला. जार्लथला तो ताठरपणा दिसला आणि त्यानं डँडीला गाडीत घालून फॉन्सी हॅनराटीकडे नेलं.

फॉन्सी म्हणजे आमच्या भागातला स्नायूवाला. डॉक्टर नाही, पण अंगठे असे की कुत्र्याच्या अंगावरून फिरवले की कुठला धागा ओढलाय ते सांगतो. त्याच्या शब्दापुढं पशुवैद्यालाही कुणी विचारत नाही. त्यानं डोळे मिटले, खांद्यापासून सुरुवात केली.

"काय रे जार्लथ, तोंड असं का? कुत्र्याला दुखतंय की तुला?"

"शनिवारी फायनल आहे, फॉन्सी. मस्करी नको."

"हं. सापडली. पोटरीत गाठ. दहा मिनिटांत लोणी करतो."

आणि केलं की! चोळून चोळून पोटरी सैल केली. ती माझी राखण करत होती हो! मी ओरडत होतो: अरे अंगठेबहाद्दरा, दोन बोटं खाली ये! पण खाली मांस नाही, नुसतं कातडं आणि हाड. फॉन्सीचे अंगठे जन्मभर मांसातच फिरलेले. हाडावर ते थांबतच नाहीत.

"शनिवारी ससाच याला बघून पळेल," फॉन्सी म्हणाला. जार्लथ घरी येईपर्यंत शीळ घालत होता.

आता पुढचं ऐकताना नाक मुरडू नका. डँडी लघवी करताना कायम डावा पाय वर करायचा. सकाळी डिंप्ना त्याला फिरायला न्यायची तेव्हा रस्त्याच्या डाव्या बाजूला बंद पडलेल्या डेअरीचा खांब होता, तो त्याचा ठरलेला. पण डावा पाय उचलायचा तर सगळा भार उजव्यावर. म्हणजे माझ्यावर. मी म्हटलं, जमणार नाही. मग डँडीनं मुकाट्यानं बाजू बदलली. उजवा पाय वर, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूला काय? फादर कॉइन यांच्या डेलियाची झुडपं.

तीन दिवस. गुरुवारी फादर दारात हजर.

"डिंप्ना, माझ्या फुलांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"अगंबाई! माफ करा, फादर. तो तिकडं ओढतो हो. पूर्वी कधी असं करत नव्हता."

"पूर्वी करत नव्हता, म्हणजे आता मुद्दाम करतो. जार्लथसारखाच. ईस्टरनंतर चर्चमध्ये त्याचं तोंड दिसलं नाही मला."

"मी इथंच आहे, फादर," जार्लथ चहाचा कप घेऊन म्हणाला.

"दिसतोयस. फायनलसाठी आशीर्वाद हवा असेल तर आधी डेलियाची माफी माग."

फादर हसत गेले. डिंप्ना हसली नाही. ती म्हणाली, "जार्लथ, तो पाय बदलून मुततोय."

"मग? हात जोडू का त्याला?"

"माणूस उगाच पाय बदलत नाही. तो तर कुत्रा आहे. उजव्यावर उभं राहवत नाहीये त्याला."

"फॉन्सीनं बघितलंय."

"फॉन्सी सकाळी त्याच्याबरोबर फिरायला जातो का? मी जाते."

तिनं डँडीला स्वयंपाकघराच्या फरशीवर उभं केलं. उजवा मागचा पाय उचलला, डँडी टेबलासारखा स्थिर. डावा उचलला, डँडी मटकन खाली बसला. पुन्हा उचलला, पुन्हा बसला.

जार्लथनं कप खाली ठेवला. गुडघ्यांवर आला. त्याचा अंगठा पोटरीवरून उतरत उतरत टाचेच्या सांध्यावर आला आणि माझ्यावर थांबला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी.

आता खरं सांगतो. मला पळायचं होतं. फायनल मलाही हवी होती. पाच दिवस मी आतल्या आत थरथरत होतो. त्या क्षणी गप्प बसलो असतो, तर जार्लथ उठला असता आणि परवा आम्ही शर्यतीच्या पिंजऱ्यातून सुटलो असतो. पण मला ठाऊक होतं, पहिल्या वळणावर माझे तुकडे झाले असते. मग डँडीचं काय करतात, ते या गावातली सगळी कुत्री जाणून आहेत.

जार्लथनं दाबलं. मी चावलो.

जन्मात न ओरडलेला डँडी असा केकाटला की डिंप्नाच्या हातातला टॉवेल पडला. जार्लथनं फरशीवरच बसून डँडीचं डोकं मांडीवर घेतलं. मग उठून फोनपाशी गेला. "टॅरंट बोलतोय," म्हणाला. "माझा शनिवारी धावणार नाही." पलीकडून कुणीतरी काही विचारलं. "हो," तो म्हणाला. "फायनल आहे ते माहीत आहे मला."

मग फोटो निघाला, चीर दिसली, प्लास्टर चढलं. सहा आठवडे! मला विचारा सहा आठवडे म्हणजे काय. आतून मुंग्या, बाहेरून भिंत. पोटरी सुकून दोरी झाली. फॉन्सी येऊन गेला, डँडीसाठी उकडलेल्या मांसाचा डबा ठेवून गेला. जार्लथनं सांगून टाकलं, याची शर्यत संपली.

काल आम्हाला पहिल्यांदा मागच्या कुरणात सोडलं. ना ससा, ना पिंजरा. पोटरीनं ओढलं, मी सोसलं, आणि अकरा झेपा गेलो. अकरा! मोजल्यात मी. मग डँडी आपणच वळला आणि दुडक्या चालीनं परत आला.

जार्लथ कुंपणाला धरून डोळे गच्च मिटून उभा होता.

"उघड डोळे, मूर्खा," डिंप्ना म्हणाली. "चारी पायांवर आहे."

तर मंडळी, तुमच्याकडे कुणी धावणारं असेल, दोन पायांचं वा चार, तर मांस चोळून झाल्यावर एकदा हाडावरही अंगठा ठेवा. आम्ही चावलो तर रागावू नका. आणि बरे झालो की फार दिवस बसवून ठेवू नका, बसलेलं हाड झिजतं. आता रजा द्या. जार्लथ फाटकाशी आलाय, हातात डँडीची दोरी आहे, आणि गेली पाच मिनिटं तो ती सोडू की नको करतोय. सोड की रे बाबा!