आईकडे येणारी बाई

गरम चॉकलेटात बुडवलेल्या चीजची तार चमच्याबरोबर लांबत लांबत कपाच्या काठापर्यंत आली, आता तुटणार असं वाटलं तेव्हा एडिल्साने तिच्यावर फुंकर घातली, मग आणखी एक, मग चमचा खालच्या ओठाला टेकवून ऊन किती ते पाहिलं, स्वतःचं तोंड किंचित उघडलं आणि हात आपोआप उजवीकडे वळला. उजवीकडे खुर्चीवर तिची स्वतःची पिशवी होती.

टेबलापलीकडून फ्लोर आल्बा बघत होती. लकवा झालेल्या नवऱ्याला इथे आणणारी, आवाज मोठा.

"ताई, चॉकलेट पिताय की निजवताय त्याला?"

बायका हसल्या, पण फार नाही. त्यातल्या प्रत्येकीने कधीतरी अशा रिकाम्या खुर्चीला घास धरला असणार. एडिल्साने चमचा कपात सोडला. चीजचा तुकडा पुन्हा तळाशी गेला.

बोगोटाच्या दक्षिणेच्या टेकडीवरचं हे केंद्र. मंगळवार-शुक्रवार सकाळी आजाऱ्यांना आतल्या खोलीत सांभाळतात आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत नुसतं बसू देतात. आज तिचा पहिला दिवस. मधली भिंत पातळ फळ्यांची. आई रडली, तिला आवरता आलं नाही, तर बोलावू, असं आतल्या मुलीने बजावलं होतं, आणि तसं झालं तर शुक्रवारही गेला, हे न सांगताच कळलं होतं. एडिल्सा कान देऊन बसली होती. आई रडावी असं तिला वाटत नव्हतं. अगदीच रडू नये असंही... नाही, तो विचार तिने अर्ध्यात सोडला.

दवाखान्यातल्या समाजसेविकेने, मारित्साने, हे जमवून आणलं. आईला न्यूमोनियातून घरी सोडण्याच्या आदल्या दुपारी ती खुर्ची ओढून जवळ बसली होती. घरी यांना सांभाळतं कोण? कुणी नाही, एडिल्सा म्हणाली, मीच असते. वय? ब्याऐंशी. झोप लागते? लागते, पहाटे एकदा कूस बदलून द्यावी लागते. जेवण? पातळच जातं. मारित्साने पेन खाली ठेवलं.

"एडिल्साताई, मी तुमचं विचारतेय."

आपलं वय सांगायला तिला क्षणभर आठवावं लागलं. मग मारित्सा म्हणाली, की सांभाळणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव घालते, म्हणजे तुम्हालाही कुणीतरी विचारेल. आणि एडिल्सा, जी डॉक्टरांसमोर कधी वर बघून बोलली नव्हती, ताठ झाली.

"मी मुलगी आहे त्यांची."

"आहातच की. पण नुसती मुलगी म्हटलं, की लोकांना वाटतं झालं, आता काही लागत नाही तुम्हाला. तुमची पाठ किती दिवस पुरणार आहे?"

मारित्साचं चुकत नव्हतं. पण तिला घरचं ठाऊक नव्हतं. वर्ष झालं, आईने तिला नावाने हाक मारली नव्हती. आई तिला बाई म्हणायची, अहो-जाहो करायची. दिवेलागणीला समोरची टेकडी उजळली, की गुडघ्यांवरची शाल सारखी करून म्हणायची, "बाई, निघा आता तुम्ही. तुमची आई वाट बघत असेल." पहिल्यांदा एडिल्सा हसली, मग काही दिवस भांडली, मग ती खरंच दाराबाहेर जाऊन जिन्यात उभी राहू लागली, शेजारणीच्या कुकरची शिटी ऐकत, आणि आत परतली की आई म्हणायची, आलात? बरं झालं. घरात मुलगी उरलीच नव्हती. उरली होती ती दवाखान्याच्या कागदात, नात्याच्या रकान्यात, आणि आता तिथेही सांभाळणारी बाईच बसणार होती. तिने हो म्हटलं. म्हणताना काहीतरी विकून टाकल्यासारखं वाटलं.

बोयाकाच्या डोंगरांतल्या त्यांच्या थंड गावात आईच्या तळव्यांत लाकडी रवी कशी गरगरायची... चुलीजवळ उभी राहून ती चॉकलेट घुसळायची, फेस वर यायचा, बटाट्याच्या शेतांमधून शाळेची वाट उतरत यायची, आणि धुक्यात आधी कुत्रा दिसायचा, मग एडिल्सा. आईचा नियम एकच होता, चीज शेवटी खायचं. एडिल्साच्या कपाच्या तळाशी नेहमी दोन तुकडे निघायचे आणि आईच्या कपात एकही नाही. हे तिच्या लक्षात फार उशिरा आलं. म्हणजे तेव्हाच आलं होतं, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोललं असतं तर दुसरा तुकडा परत द्यावा लागला असता.

भिंतीपलीकडून आतल्या मुलीचा आवाज आला.

"आजी, चीज बाजूला काढलंत ते? आवडत नाही?"

"माझ्या एडिल्साचं आहे. येईल ती आता शाळेतून."

"आणि तुमच्याबरोबर आल्यात त्या?"

एडिल्साचे हात टेबलावर पालथे पडून होते.

"ती बाई भली आहे हो," आई म्हणाली. "पण तिला तिचं घर आहे. सारखं सारखं कसं अडकवायचं तिला?"

आता उठावं, आत जावं, मीच ती म्हणावं, असं तिच्या पायांना वाटलं. ते वाटणं गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आई रडत नव्हती. शांतपणे कुणाची तरी वाट बघत होती, आणि ती जिची वाट बघत होती ती अजून वाटेत होती, बुटांना चिखल, दप्तर ओलं, कुत्र्याला हाका मारत, रमतगमत... पोरगी नेहमीच उशीर करायची. एडिल्साने कपातला चीजचा तुकडा चमच्याने उचलला, बशीच्या कडेला ठेवला, आणि दाराकडे तोंड करून बसली.