एनिडचं वय

डावा डोळा सोडून बाकी सगळ्या सशाचा विमा मिळेल, असं फोनवरची मुलगी म्हणाली तेव्हा मला हसू आलं. पण इडी आत्ताच खांद्यावर झोपली होती, म्हणून मी ते गिळलं.

"म्हणजे उजवा डोळा धरून?" मी कुजबुजत विचारलं.

"उजवा धरून. डाव्याला आधी इजा झालेली आहे ना, म्हणून तो नाही." मुलगी चांगली होती, तीही कुजबुजायला लागली. "बाळ झोपलंय का?"

"आठ महिन्यांची आहे. झोपली तर वीस मिनिटं झोपते."

"मग पटकन करू. दुसऱ्या सशाची जन्मतारीख?"

दुसरा ससा म्हणजे एनिड. तिचं लसीचं कार्ड वर कपाटात होतं, आणि वर जायचं तर करकरणारी पायरी ओलांडून जायला हवं होतं. तारीख सापडली की परत फोन करते, असं मी म्हणाले. मुलगी म्हणाली, सावकाश करा, फक्त पाच वर्षांच्या आतली हवी, त्यापुढचे ससे आम्ही नव्यानं घेत नाही.

"चार वर्षांची आहे," मी म्हणाले.

हे विम्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते फेब्रुवारीत. आमच्या गॅफरच्या, म्हणजे आमच्या नर सशाच्या, डोळ्यात सुक्या गवताची काडी घुसली. नेमका रविवार. दवाखान्यातल्या काउंटरवर नाव विचारायच्याही आधी प्रश्न आला, "विमा आहे का?" माझ्या नवऱ्यानं, क्रेगनं, माझ्याकडे पाहिलं, मी क्रेगकडे. सशाकडे कुणीच पाहिलं नाही. दोन सेकंदच असतील, पण त्या दोन सेकंदांत आम्ही दोघं काय मोजत होतो ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि पिंजऱ्यात गॅफर एक डोळा मिटून बसला होता. पैसे भरले, डोळा बरा झाला. पण ते गप्प बसणं माझ्या मनातून गेलं नाही. पुन्हा कुणी विचारलं तर मला लगेच 'हो' म्हणता यायला हवं होतं. एनिडसाठी तर नक्कीच.

एनिड आमच्याकडे आली विल्फकडून. विल्फ माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी डच जातीचे ससे पाळले: पुढून पांढरे, मागून काळे, आणि मधली रेघ अशी सरळ की फूटपट्टीनं आखावी. प्रदर्शनांत बक्षिसं घेतली, मग स्वतःच परीक्षक झाले. मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते म्हाताऱ्या माणसांसाठीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे फक्त पक्षी पाळता येतो, तोही एकच. ससे क्लबातल्या लोकांनी नेले. एक काळी-पांढरी मादी तेवढी ते आमच्याकडे घेऊन आले, पावाच्या क्रेटमध्ये घालून. माझं पोट तेव्हा जेमतेम दिसायला लागलं होतं. प्रदर्शनाच्या सशांना ते नाव ठेवत नसत, एनिड हे नाव माझं. विल्फ तिला 'म्हातारी' म्हणायचे. मला वाटायचं, लाडानं म्हणतात.

दर बुधवारी ते बसनं येतात. येताना रेल्वेच्या बांधावरचा पाला पिशवीत भरून आणतात, सशांची नखं कापतात, चहा पितात आणि आमच्या गॅफरला नावं ठेवतात. गॅफर अनाथ सशांच्या केंद्रातून आणलेला, कान लोंबणारा, कुठल्याच जातीचा नाही.

त्या दिवशीही दार ढकलून आत आले आणि आधी त्याच्याकडेच बघितलं. "अजून आहे वाटतं हे पायपुसणं."

"त्याचा विमा काढतेय मी," मी म्हणाले. इडीला झोळीच्या खुर्चीत ठेवलं, तर ती चक्क उठली नाही. "दोघांचाही काढतेय."

विल्फ खुर्चीत बसता बसता थांबले. "सशाचा विमा? आणि मेला तर पैसे कुणाला, बायकोला?"

"मेल्यावर नाही, विल्फ. आजारी पडल्यावर. दवाखान्याचा खर्च."

"आमच्या वेळी दवाखाना म्हणजे हे दोन हात होते, पोरी." हात वर करून दाखवले आणि लगेच खाली घेतले, इडी समोर होती म्हणून असेल. त्या हातांनी त्यांनी किती सशांच्या माना मोडल्या असतील ते मी कधी विचारलं नव्हतं. ससा आजारी पडला, रेघ वाकडी निघाली, मादीला पिलं होईनाशी झाली, की त्यांच्या लोकांत तसंच करायचे. त्यात राग नसे, दयाही नसे. कोबीची बाहेरची पानं काढून टाकावीत, तसं.

मी चहा दिला आणि हळूच वर जाऊन कार्ड घेऊन आले. कार्डावर तारीख नव्हती, डॉक्टरांनी नुसतं 'अंदाजे चार वर्षं' लिहिलं होतं. अंदाज आम्हीच सांगितलेला.

"महिना कुठला टाकू?" मी विचारलं. "तुम्ही आणलीत तेव्हा पावणेतीनची म्हणाला होतात."

विल्फ चहा ढवळत होते. ते साखर घेत नाहीत.

"विल्फ?"

"ते चार लिहू नकोस."

"का?"

"तिच्या पायातला वाळा बघ."

एनिडच्या मागच्या पायात धातूचा एक बारीक वाळा आहे. पिलू दोन महिन्यांचं झालं की चढवतात, पुढे पाय वाढला की निघत नाही. त्यावर आकडे असतात हे मला माहीत होतं, पण फोनवर नसतात का आकडे, गॅसच्या मीटरवर नसतात का? मी कधी वाचले नव्हते. विल्फनी एनिडला उचललं आणि एका हातानं मांडीवर अशी उलटी निजवली, की ती पंजे वर करून निमूट पडून राहिली. माझ्याकडे असताना ती अशी कधी राहत नाही. अंगठ्यानं केस बाजूला केले. चष्मा खिशातच होता, आकडे त्यांना पाठ होते.

"हे दोन आकडे म्हणजे साल," ते म्हणाले.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. बोटांवर मोजलं.

"सात?"

"सात."

मी खाली, फरशीवरच बसले. इडी पाच वर्षांची होऊन एनिडला गाजर भरवतेय, असं काहीतरी मी मनात रंगवलेलं होतं, ते किती पक्कं होतं ते आत्ता कळलं. ससे जगतात आठ वर्षं, नऊ, फार तर दहा. इडीला तर एनिड आठवणारही नाही.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले. ओरडले नाही. ओरडायचंही कसब असतं, ते घरात झोपलेलं बाळ असलं की जातं.

"बोललो."

तेवढ्यात क्रेग जेवायला आला. तो बॉयलर दुरुस्त करतो, जवळपास काम असलं की दुपारी घरी येतो. त्यानं पावाचा घास घेतला तोच त्याला सांगितलं. तो पाव चावायचा थांबला.

"डॅड, तुम्ही? त्या नॉर्मन टॅटर्सलनं आपल्या सशाला दुसऱ्या सशाचा वाळा चढवला म्हणून तुम्ही त्याला क्लबातून हाकललं होतंत. त्याच्याशी बाजारातसुद्धा बोलत नाही तुम्ही, वीस वर्षं झाली."

"बावीस," विल्फ म्हणाले.

"मग?"

विल्फ एनिडच्या पोटावरून बोट फिरवत होते. "बाकीचे अकरा पहिल्याच आठवड्यात गेले. हिला कोण नेणार? सव्वासहा वर्षांची मादी. पिलं नाहीत, बक्षीस नाही. ज्याला त्याला विचारलं. क्लबातला डेरेक म्हणाला, तुला काय करायचं ते माहीत आहे की, विल्फ. माहीत होतंच. शेडमध्ये गेलो, उचलली." एनिडचे कान त्यांनी मागे सारले. "तिची आई, तिच्या आईची आई, सगळ्या माझ्याच शेडमधल्या. बाहेरचं रक्त एकदाच आणलं होतं, त्याला तीस वर्षं झाली. ही शेवटची. हात चालेना."

क्रेगनं हातातला पाव ताटात ठेवला.

"आणि तू पोटुशी," ते मला म्हणाले. "त्यात हे म्हातारं जनावर. वर्षभरात दुखणी काढणार. खरं सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

मी विचार केला. हो म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

"तेच."

क्रेगनं उरलेला पाव तोंडात टाकला. तो वाईट माणूस नाही, पण बिघडलेली वस्तू दिसली की त्याला काहीतरी सुचतंच. "एक सांगू का? कार्डावर चार आहे. डॉक्टरांच्या नोंदीत चार आहे. सात फक्त त्या वाळ्यावर आहे. गाडीत कटर पडलाय."

"क्रेग," मी म्हणाले.

"अगं, वाळा घट्ट झाला की दवाखान्यातही कापतात. कुणाला कळणार आहे? सशाला विचारणारेत का?"

मी विल्फकडे पाहिलं. ते भडकतील असं वाटलं. भडकले नाहीत. एनिडला सरळ केली, छातीशी धरली आणि म्हणाले, "आण."

क्रेग गाडीतून कटर घेऊन आला. विल्फनी तो त्याच्या हातातून घेतला. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घोळ मी केलाय." एनिडला पुन्हा उलटी निजवली. कटरचं टोक वाळ्याखाली सरकवलं, कातडीला लागू नये म्हणून मधे स्वतःचं बोट घातलं. आणि तसेच बसून राहिले. एनिडचं नाक भराभरा हलत होतं. परीक्षक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं लोकांच्या सशांचे पाय असेच धरून वाळे वाचले होते, आणि नॉर्मन टॅटर्सल बाजारात दिसला की ते रस्ता बदलत होते.

मला वाटलं, ते कापतील. माझ्यासाठी कापतील, आणि मग पुढच्या बुधवारी येणार नाहीत.

"ठेवा ते," मी म्हणाले.

"विमा मिळणार नाही तिला."

"नाही मिळाला तर नाही. विमा मला कशाला हवा होता? दवाखान्यातल्या त्या काउंटरवरच्या बाईनं विचारल्यावर गप्प बसायला लागू नये म्हणून. मग आत्ताच बोलू. इथेच. तुम्ही सांगा, ती आजारी पडली तर काय करायचं? तिला सगळ्यात जास्त तुम्ही ओळखता."

विल्फनी कटर टेबलावर ठेवला. चहा निवला होता, तो पिऊन टाकला. मग बोलायला लागले, आणि मी ऐकत राहिले, कारण आमच्या लग्नातही ते इतकं बोलले नव्हते. सकाळी लेंड्या बघ, म्हणाले, लहान झाल्या की समज. खाल्लं नाही तर दुपारपर्यंत सुद्धा थांबायचं नाही, सशाचं पोट एकदा थांबलं की सुरू होत नाही. दवाखान्यात न्यायचं. सुई, औषध, एक रात्र ठेवून घेणं, सगळं करायचं.

"फाडायचं नाही," ते म्हणाले. "या वयात भूल दिली की परत येत नाहीत. पोट फाडायचं म्हणाले तर नाही म्हणायचं."

"आणि मग?"

"मग त्यांच्याकडे असतं की औषध. माझ्या हातांपेक्षा बरं." टेबलावरच्या बिस्किटाच्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "फक्त मला बस पकडण्याइतका वेळ द्यायला सांग."

"बस कशाला," क्रेग म्हणाला. "मी येईन की गाडी घेऊन. शनिवारी तेवढं नको, मॅच असते."

"तुझ्या टीमची मॅच बघण्यापेक्षा सशाच्या मयताला आलेला बरा," विल्फ म्हणाले.

इडी उठली. वीसच्या जागी पस्तीस मिनिटं झाली होती. क्रेगनं तिला उचलून घेतलं आणि तिचा लंगोट हुंगून माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी फोन उचलला, म्हणजे ते काम त्याच्याकडे गेलं.

फोनवर तीच मुलगी लागली. "बाळ उठलं वाटतं," ती म्हणाली. गॅफरचा विमा पक्का करा, मी म्हणाले. तिनं सगळं वाचून दाखवलं, मी हो हो म्हणत गेले.

"आणि दुसरा ससा?"

"तिचा नको. ती सात वर्षांची आहे."

"अरेरे. मघाशी चार म्हणाला होतात."

"चूक झाली होती."

मागून विल्फ घसा खाकरले. एनिड त्यांच्या कोटाच्या आत होती, नुसते कान बाहेर. "सात वर्षं, पाच महिने," ते म्हणाले. "जानेवारीची आहे. सांग तिला."

"विल्फ, त्यांना नकोय ते."

"असू दे. विचारलंय ना."

मी फोन त्यांच्याकडे केला. विल्फनी तो दोन्ही हातांनी धरला आणि वाळ्यावरचे आकडे न बघताच सांगायला लागले, एकेक, सावकाश, समोरचा लिहून घेत असेल अशा बेतानं.