खोटं काय लिहिलं?

भावजयीने वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून मागचा पत्रा काढेपर्यंत नणंद दारातच उभी होती. मदतीला नव्हे, लादीवर ओरखडे पडतायत का ते बघायला.

बाहेरचा माणूस बोलावणार होते, पण घरातच कारागीर आहे म्हटलं, असं ती म्हणाली. ‘कारागीर’ हा शब्द तिने झुरळ चिमटीत धरून टाकावं तसा टाकला.

भावजयीने पत्र्याचे स्क्रू डबीत टाकले. वडिलांच्या हाताखाली शिकून अकरा वर्षं ती लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करत होती. दीड वर्षापूर्वी मोबाइल स्टुलावर टेकवून तिने पहिला व्हिडिओ टाकला, पाणी उतरत नसेल तर आधी काय बघायचं यावर. कितीतरी बायकांनी तो बघून आपापली मशीन सुरू केली. आणि इतरांनी व्हिडिओखाली लिहायला सुरुवात केली. पाना हातात घेतलाय, मग घर कुणाच्या हातात, असं कुणी विचारी. कुणी नखांतल्या काळ्या मळावर घसरे. हे सगळं ती कानामागे टाकत असे.

पण ‘स्पष्टवक्ती’ नावाने लिहिणारं कुणीतरी होतं, ते पाठच सोडत नव्हतं. गेल्या आठवड्यात त्या नावाखाली आलं, ‘दोनदा स्वतःचं पोट रिकामं झालं, आता दुसऱ्यांचे ड्रम रिकामे करत फिरते.’

ही गोष्ट तिच्याखेरीज तिघांनाच ठाऊक होती: नवरा, नणंद आणि सासू. सासूला जाऊन चार वर्षं झाली होती. आठवडाभर ती जेवताना नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, पण विचारायला जीभ रेटेना. तो मात्र एवढंच म्हणाला होता, की लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. आपणच व्हिडिओ टाकू नयेत.

पाणी बाहेर टाकणारा पंप मशीनच्या पार तळाशी होता, अंधारात. तिच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती, म्हणून तिने टॉर्चसाठी नणंदेचा मागितला. नणंदेने तो तिच्या हातात दिला आणि दाराची बेल वाजली म्हणून बाहेर गेली.

पंपाच्या पंख्यात केसांची पिन आणि लोकरीचा बोळा अडकला होता. ती पिन उपसत असतानाच हातातल्या मोबाइलवर ओळ उमटली: ‘स्पष्टवक्ती, तुमची प्रतिक्रिया आणखी बारा जणांना आवडली.’

नणंद परत आली तेव्हा ती उकिडवीच बसली होती. तिने पडदा नणंदेकडे वळवून धरला.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

नणंदेने मोबाइल हिसकावून घेतला. तिचा चेहरा क्षणभर पडला, मग आवळला.

"लिहिलं. खोटं काय लिहिलं? सोयरेधायरे मला विचारतात, भावाची बायको काय करते म्हणून. काय सांगू? चारचौघांत लोळण घेऊन मशीनखाली शिरते?"

"ते सांगा. पण पोटाचं का?"

"त्याशिवाय तू थांबली नसतीस. आणि माझ्याकडे बघू नकोस असं. मी तुझ्या नवऱ्याला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, लिही."

मोरीत नळ ठिबकत होता. भावजयीने पंप जागेवर बसवला, चारही स्क्रू आवळले, पत्रा लावला. मशीन भिंतीला लावून बटण दाबलं. पाणी भरलं, घुसळलं, सुरळीत उतरलं.

"खिसे तपासून कपडे टाकत जा," ती म्हणाली, आणि अवजारांची पिशवी उचलून निघाली.

ती पोचायच्या आत नणंदेचा फोन घरी पोचला होता. नवरा खिडकीशी टेबलाला बसला होता. ताईने रागाच्या भरात लिहिलं, आपण नुसतं हो म्हणालो, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, आणि हे सगळं शेवटी तिच्याच भल्यासाठी होतं, असं तो बराच वेळ सांगत राहिला. तिने मोबाइल चार्जरला लावला. हात कोपरापर्यंत धुतले. मग कपाटातून एक जुना, जळका पंप काढून टेबलावर ठेवला आणि मोबाइल समोर उभा केला.

"परत तेच?" तो म्हणाला. "ती परत लिहील."

"लिहू दे."

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, पडद्यात एकदा बघितलं.

"जरा सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."